हेल्परचा सेफ्टी सुपरवायझर झाला, पगार वाढला, पण पोरं बोलेनात

"मॅडम मी कंपनीत हेल्पर आहे, शिक्षण आयटीआय, मला सेफ्टीत जाता येईल का? आणि गेलो तर सोबतचे लोक माझं ऐकतील का?" जालना, वाळूज, शेंद्रा, लातूर साइडच्या पोरांकडून असा प्रश्न मला, समुपदेशक म्हणून, नेहमी येतो. सेफ्टी म्हणजे कारखान्यातलं सुरक्षेचं काम. पहिल्या अर्ध्याचं उत्तर म्हणजे नुसती माहिती आहे, ती खाली देतेच. पण माणूस अडकतो तो दुसऱ्या अर्ध्यात, आणि तो भाग बहुतेक जण जाता जाता विचारतात, जसं काही फार महत्त्वाचं नाही. म्हणून दत्ताची केस सांगते. नाव बदललंय, गाव आणि कंपनी गाळलीय, त्याला विचारूनच लिहायलेय.

दत्ता स्वतःहून आला नव्हता, बायकोने आणला. झोप नाही, ॲसिडिटी, डोकं दुखतंय, डॉक्टरने बीपी-शुगर सगळं तपासलं, काही निघालं नाही, मग डॉक्टरच म्हणाले एकदा समुपदेशकाकडे जाऊन या. बायकोचं म्हणणं एवढंच की प्रमोशन झाल्यापासून घरात बोलतच नाहीत हे. दत्ता म्हणाला, "मॅडम मला काही झालेलं नाही, फक्त ड्यूटीला जाऊ वाटत नाही."

त्याचा प्रवास थोडक्यात सांगते. अंबड-घनसावंगीकडचं घर, 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीची बाग वाळली, बापाने झाडं तोडून सरपणाला विकली. दत्ताचा फिटरचा आयटीआय झाला होता पण फिटरची जागा कुठं मिळाली नाही, म्हणून जालन्यात एका स्टीलच्या मिलमधे ठेकेदाराकडून भंगार यार्डात लागला. भंगार निवडायचं, चुंबकाला लागेल ते एकीकडे, बाकीचं दुसरीकडे. साहेब ओरडले तर साहेबावर आणि ठेकेदार ओरडला तर ठेकेदारावर मागून हसायचं, असलं चाललेलं.

भट्टीचं काम मी काही पाहिलेलं नाही, पण त्याने इतकं समजावून सांगितलं की आता मला पण भंगाराची गाडी दिसली की त्यात बंद डबे आहेत का ते बघावं वाटतं. इंडक्शन फर्नेसमधे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या भट्टीत, लोखंड 1600 डिग्रीच्या आसपास वितळलेलं असतं. त्यात गाडीचा बंद तोंडाचा शॉकअप, एखादा जुना सिलिंडर किंवा आत पाणी अडकलेला पाइप गेला की त्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या साधारण 1700 पट जागा लागते. ती जागा मिळाली नाही की वितळलेलं लोखंडच वर उडतं. पावसाळ्यात ओलं भंगार आलं की भट्टीवरचे लोक मनातल्या मनात देवाचं नाव घेतात. दत्ताने कुणी न सांगता बंद शॉकअप बाजूला काढायला सुरुवात केली, ढीगच लावला. भट्टीवरचे एक वयस्कर कामगार होते, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, त्यांनी तो ढीग बघितला आणि फोरमनला सांगितलं की हे पोरगं डोक्याने काम करतंय. तिथून त्याचं नाव वर गेलं. मग सेफ्टी कमिटीत कामगारांच्या बाजूने मेंबर, मग काही वर्षांनी कंपनीच्या रोलवर घेऊन सेफ्टी सुपरवायझर.

म्हणजे बाहेरून बघितलं तर सगळं छानच. दिवाळीत गावाकडे गेला तर लोकांनी शाल-नारळ दिला म्हणे.

पण शाल-नारळ देणाऱ्यांपैकी एकाचा पोरगा त्याच मिलमधे ठेकेदाराकडे होता, आणि तो एक दिवस शेडच्या पत्र्यावर चढला तेव्हा कमरेला हार्नेस (सुरक्षेचा पट्टा) होता पण हुक कुठंच लावलेला नव्हता. जुना सिमेंटचा पत्रा, पाय पडला की तुटतो, या कामात माणसं अशीच जातात, पत्र्याच्या कडेवरून नाही, पत्र्यातूनच खाली. दत्ताने त्याला खाली उतरवलं, फोटो काढला, रिपोर्ट टाकला. रिपोर्ट ठेकेदाराकडे गेला आणि ठेकेदाराने पोराच्या पगारातून दोन दिवसांचा खाडा मांडला. संध्याकाळी गावात पोराच्या आईने दत्ताच्या आईला अडवून विचारलं, "तुमच्या दत्तानं आमच्या पोटावर पाय द्यावा का?" दुसऱ्या दिवसापासून चहाच्या टपरीवर हा गेला की बाकीचे उठायचे. कुणी तरी मागून "आला मुकादम" म्हणलं, ते त्याला ऐकू यावं म्हणूनच म्हणलेलं.

हे सांगताना तो रडला नाही, चिडला. "मी त्याचा जीव वाचवला ना मॅडम? मग मीच कसा काय वाईट?"

इथं बरेच जण (नातेवाईक पण, कधी कधी साहेब लोक पण) एकच सल्ला देतात की लोकांकडे लक्ष देऊ नको, तू तुझं काम कर. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. सेफ्टीच्या माणसाने लोकांकडे लक्ष द्यायचं नाही तर कशाकडे द्यायचं, हेल्मेटच्या रंगाकडे? दत्ताला त्रास होत होता याचा अर्थ त्याचं माणसांशी नातं जिवंत होतं, आणि त्या नात्याशिवाय त्याच्या खुर्चीचा काही उपयोग नव्हता. मी त्याला म्हणलं की पोराला खाली उतरवणं बरोबर, रिपोर्ट पण बरोबर, पण पोराच्या पगारातून पैसे गेले हे तुला बरोबर वाटतं का? तर पटकन म्हणाला, "नाही. हुक लावायला तिथं दोरच बांधलेला नव्हता." म्हणजे बघा, त्याला माहिती होतं. हार्नेस दिला होता पण तो अडकवायला लाइफलाइन नव्हती, पत्र्यावर टाकायच्या फळ्या नव्हत्या, आणि शिक्षा झाली ती वर चढलेल्या पोराला. दत्ताला जे खात होतं ते लोकांचं बोलणं कमी आणि हे जास्त होतं.

मग आम्ही दोन गोष्टींवर काम केलं. एक म्हणजे साहेबाशी बोलायचं. तो म्हणे मी कोण बोलणारा, काल भंगार उचलत होतो. खूप जणांचं हेच होतं, पद बदलतं पण मान खाली घालायची सवय जात नाही. त्याला म्हणलं तक्रार घेऊन जाऊ नको, तुझ्याकडे काय पुरावा आहे ते घेऊन जा. तो विचार करून म्हणाला, निअर मिसचं रजिस्टर कोरं आहे. निअर मिस म्हणजे अपघात होता होता राहिला असा प्रसंग, तो लिहून ठेवायचा असतो. एवढी मोठी मिल, क्रेन, भट्टी, लाल सळई पळतीय आणि महिनाभर काहीच घडलं नाही? घडलं होतं, पण खाड्याच्या भीतीने कुणी सांगत नव्हतं. तेच रजिस्टर घेऊन तो मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला साहेब, पैसे कापल्याने चुका कमी झाल्या नाहीत, फक्त दिसायच्या बंद झाल्या. मॅनेजर आधी "बघू" म्हणाले. दत्ताने सोडलं नाही, परत गेला. शेवटी ठरलं की पहिल्या वेळी पैसे कापायचे नाहीत, काम थांबवून आधी सोय करायची, आणि सेफ्टीसाठी थांबलेल्या कामाचा खाडा कामगारावर टाकायचा नाही. त्या पोराचे दोन दिवस पण परत मिळाले, त्याला वेळ लागला पण मिळाले.

दुसरी गोष्ट म्हणजे टोकायचं कसं. यासाठी आम्ही माझ्या खोलीत चक्क नाटक केलं, मी आप्पा झाले आणि तो दत्ताच. तो म्हणाला, "आप्पा गॉगल घाला." मी म्हणलं, "तू जन्मला नव्हतास तेव्हापासून भट्टीवर आहे मी." गप्प झाला. पुढच्या वेळी हुकूम सोडून प्रश्न घेऊन आला, "आप्पा, गॉगल का काढता हो?" आणि हेच त्याने खऱ्या आप्पांना जाऊन विचारलं. आप्पा म्हणाले, घामाने काचेवर वाफ धरते, मग काही दिसत नाही, भट्टीसमोर दिसलं नाही तर गॉगल घालून मरायचं का? अगदी बरोबर होतं त्यांचं. मेमधे जालन्यात 42 पर्यंत पारा जातो, त्यात भट्टीची धग वेगळी. असं विचारत गेला तर कळलं की हातमोजे सगळ्यांना एकाच मापाचे आलेत, बुटात घाम साचून पायाला फोड येतात, आणि भट्टीजवळ प्यायचं पाणीच नाही, पाण्यासाठी पार कँटीनला जावं लागतं. जालन्यात पाण्याचे हाल सगळ्यांना माहिती आहेत, टँकरचं पाणी, त्यामुळे कुणाला त्यात विशेष वाटत नव्हतं. दत्ताने सगळ्यात आधी पाण्याचे जार भट्टीपासून हाकेच्या अंतरावर ठेवून घेतले, उन्हाळ्यात ओआरएस आणि आळीपाळीने सावलीत बसायची वेळ मागून घेतली. वाफ न धरणारे गॉगल त्यानंतर आले. तुम्ही सेफ्टीचं कुठलंही पुस्तक उघडा, त्यात हेच लिहिलेलं असतं की धोका मुळातून काढा, नाही तर दुसरा मार्ग बघा, मशीनला गार्ड लावा, कामाची पद्धत बदला आणि हेल्मेट-गॉगल सगळ्यात शेवटी. आपल्याकडे सुरुवातच शेवटापासून करतात. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून बॅनर लावून शपथ घेतात आणि 5 मार्चला मोजे तेच. असो.

पोरं परत बोलायला लागली का? काही लागली. तो पत्र्यावरचा पोरगा आता स्वतःच दोर बांधल्याशिवाय चढत नाही आणि ठेकेदाराशी भांडतो. पण दत्ताचे दोन जुने दोस्त तुटले ते तुटलेच, आणि त्याचं वाईट वाटणार, त्यावर माझ्याकडे काही औषध नाही हे मी त्याला सरळ सांगितलं. झोप मात्र यायला लागली.

आता माहितीचा भाग. सेफ्टी सुपरवायझर, कमिटी मेंबर या जागा अनुभवावर मिळू शकतात. पण कायद्यातला 'सेफ्टी ऑफिसर' ही वेगळी गोष्ट आहे, तिथं नुसत्या अनुभवावर चालत नाही. इंजिनिअरिंगची डिग्री किंवा डिप्लोमा, कारखान्यात सुपरवायझर म्हणून काही वर्षांचा अनुभव, त्यावर औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा, आणि तिथल्या बहुतेक कामगारांची भाषा यायला पाहिजे. ही शेवटची अट दत्ताला वाचून दाखवली तेव्हा पहिल्यांदा हसला, कारण त्याला इंग्रजीचीच धास्ती होती. इंग्रजी लागतंच, परमिट (धोक्याचं काम सुरू करायची लेखी परवानगी), रिपोर्ट सगळं त्यात असतं, पण त्याने भट्टीच्या कामाचं परमिट मराठीत आणि बिहार-यूपीच्या पोरांसाठी हिंदीत समजावायला सुरू केलं आणि ते कुठल्याच डिग्रीवाल्याने आधी केलेलं नव्हतं.

जागा वाढायची शक्यता आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात 1000 कामगार असतील तर सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, म्हणजे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या 2020 च्या कायद्यात, हा आकडा 500 आहे, धोकादायक प्रक्रिया असेल तर 250, बांधकामावर पण 250. दोन वर्षांचा आयटीआय असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, दत्ता त्याच रस्त्याने चाललाय. नोकरी करणाऱ्यांसाठी वेगळ्या वेळेत वर्ग घेणारी कॉलेजं आता आहेत, जवळच्या तंत्रनिकेतनात जाऊन चौकशी करा, फोनवर नीट सांगत नाहीत.

आणि कोर्सची जाहिरात बघून लगेच फी भरू नका. सहा महिन्यांत सेफ्टी ऑफिसर, शंभर टक्के नोकरी, असले बोर्ड मोंढ्यापासून बसस्टँडपर्यंत लागलेले असतात आणि आईचं मंगळसूत्र मोडून फी भरलेली पोरं माझ्याकडे येतात. महाराष्ट्रात तंत्रशिक्षण मंडळाचा, म्हणजे एमएसबीटीईचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी चालतो, मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्थेचा पण आहे. बाकी कुणाचाही असला तर आधी तोंडावर विचारा की सर्टिफिकेटवर सही कुणाची असते आणि सेफ्टी ऑफिसरच्या नेमणुकीला ते चालतं का. नीट उत्तर आलं नाही तर तिथून उठा, आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या ऑफिसात जाऊन कोर्सचं नाव दाखवून खात्री करून घ्या, विचारायला पैसे लागत नाहीत.