ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमधल्या प्रिन्सेस मेकओव्हर सलूनला पाच वर्षांच्या मुलीला न्यावं का? एवढे पैसे घालण्यासारखं आहे का ते?

तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. मे महिन्यात ठाण्याहून ऑर्लँडोला येताय, लेक पाच वर्षांची, तिने यूट्यूबवर बिबिडी बॉबिडी बुटिकचे, म्हणजे त्याच सलूनचे, व्हिडिओ बघितलेत आणि तेव्हापासून रोज तेच टुमणं लावलंय, मिस्टर म्हणतायत केस विंचरायला कोण एवढे पैसे देतं, आणि सासूबाईंना एवढ्याशा पोरीला लिपस्टिक लावणंच पटत नाहीये. मी फ्लोरिडातच राहते, भारतातून कोणी ना कोणी येत असतं, भाच्या, मैत्रिणींच्या मुली, आणि त्यांना घेऊन डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम या पार्कला जाणं होतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. तिला स्वतःला हवं असेल तर न्या, पण सगळ्यात साधं पॅकेज घ्या, ड्रेस बाहेरून घेऊन जा, आणि खुर्चीत बसल्यावर तिला काय हवं काय नको ते तिचं तिलाच बोलू द्या. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या मते तिथे जे विकत मिळतं ना ते केस नाही, नेलपेंट नाही आणि ती चमकी तर अजिबातच नाही. एक अनोळखी मोठं माणूस तासभर फक्त त्या मुलीशी बोलतं, तिच्या आईशी नाही, आणि प्रत्येक गोष्ट तिला विचारून करतं, ते विकत मिळतं. आपल्या घरात पाच वर्षांच्या मुलीला असं किती वेळा मिळतं सांगा. आपण प्रेमाने करतो सगळं पण विचारत नाही, फ्रॉक आपण काढून ठेवतो, वेणी आपण घालतो, "हलू नको गं" म्हणतो आणि उरकतो.

आता तिथे नक्की काय असतं ते सांगते कारण यूट्यूबवर सगळं फारच गुलाबी दिसतं. हे सलून पहिल्यांदा २००६ मध्ये उघडलं, पार्कच्या बाहेर डाउनटाउन डिस्नेला, ज्याला आता डिस्ने स्प्रिंग्ज म्हणतात. मग २००७ मध्ये मॅजिक किंगडममधल्या सिंड्रेलाच्या किल्ल्यातच एक उघडलं, किल्ला १९७१ पासूनचा आहे पण या जागेत आधी भेटवस्तूंचं दुकान होतं. कोविडमध्ये २०२० ला बंद झालं ते किल्ल्यातलं २०२२ च्या ऑगस्टमध्ये परत सुरू झालं. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडला आहे, त्यांच्या क्रूझवर आहे, टोकियो, हाँगकाँग, शांघायलाही आहे, त्यामुळे कोणाला अमेरिकेच्या व्हिसाच्या भानगडीत पडायचं नसेल तर हाँगकाँग जवळ पडतं. वय ३ ते १२. बारा वर्षांवरच्यांना करत नाहीत.

काम करणाऱ्यांना फेअरी गॉडमदरचे, म्हणजे सिंड्रेलाला नटवणाऱ्या परीचे, अप्रेंटिस म्हणतात, आधी "फेअरी गॉडमदर्स इन ट्रेनिंग" म्हणायचे पण २०२२ ला ते नाव बदललं म्हणजे पुरुषांनाही ते काम करता येईल. मुलीला आरशाकडे पाठ करून बसवतात. केसांची स्टाइल निवडायची, मग जेल, भरपूर हेअरस्प्रे, पिना, वरून मुकुट, थोडी आयशॅडो, गालावर ब्लश, लिपग्लॉस, गालावर चमचमणारे खडे, नेलपेंट, छातीवरून तिरका पट्टा म्हणजे सॅश, आणि शेवटी डोक्यावर चमकी टाकतात तिला पिक्सी डस्ट म्हणतात. सगळं झाल्यावर मंत्र म्हणून खुर्ची आरशाकडे फिरवतात. हा सगळा कार्यक्रम अर्धा ते एक तासाचा. आणि खुर्ची फिरते तेव्हा पोरीचा चेहरा बघण्यासारखा असतो हे मात्र अगदी खरं, मी कितीदा बघितलं तरी मला भरून येतं.

पैशांचं बोलूया. २०२२ ला परत उघडलं तेव्हा साधं पॅकेज, म्हणजे केस, मेकअप, नखं, सॅश, हे १०० डॉलरच्या आसपास होतं आणि ड्रेस धरून घेतलं तर २०० च्या पुढे, त्यावर टॅक्स वेगळा. बुकिंग करताना जो आकडा दिसेल तो धरा, कमी तर होत नाहीत हे आकडे कधी. रुपयात केलं की आठ-नऊ हजार आणि अठरा-वीस हजार, म्हणजे मिस्टरांचं अगदीच चूक नाहीये. पण फरक बघा, अर्धे पैसे त्या ड्रेसचे आहेत आणि तसलाच ड्रेस इथल्या टार्गेट नाहीतर कॉस्टकोच्या दुकानात कितीतरी स्वस्त मिळतो, आणि मुलीने घरून घालून आणलेला ड्रेस तिथे चालतो, कोणी नाक मुरडत नाही. आमच्या ओळखीतली एक मुलगी खणाच्या परकर-पोलक्यात गेली होती, वर तो मुकुट, काय गोड दिसत होती, आणि पार्कमधले लोक तिला दिवसभर "प्रिन्सेस" म्हणूनच हाक मारत होते. ही हाक मारायची पद्धत तिथे सगळीकडे आहे, आइस्क्रीमवाला म्हणतो, राइडवाला म्हणतो, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

परकर-पोलक्याचं अजून एक कारण म्हणजे उकाडा. मेमध्ये ऑर्लँडो ठाण्यासारखंच घामट असतं आणि ते प्रिन्सेस ड्रेस सगळे नायलॉन-पॉलिस्टर, आतून जाळी टोचते, काखेत पुरळ येतं. ड्रेसच घालायचा असेल तर आत सुती शमीज आणि खाली सायकलिंग शॉर्ट्स घालाच. आणि त्या ड्रेसवर मिळतात ते प्लास्टिकचे उंच बूट फोटोपुरते, पर्समध्ये तिच्या रोजच्या सँडल ठेवा, त्या पार्कमध्ये दिवसभरात मैलोन्मैल चालणं होतं. तुम्हालाही तिच्यासारखा गाऊन घालायची हौस असेल तर तेवढं मात्र जमणार नाही, १४ वर्षांवरच्यांना पार्कमध्ये कॉस्च्युम घालू देत नाहीत.

बुकिंग साधारण ६० दिवस आधी उघडतं आणि किल्ल्यातल्या जागा भराभर जातात, त्यामुळे तारीख ठरली असेल तर आठवण लावून ठेवा. किल्ल्यातल्या सलूनसाठी पार्कचं तिकीट वेगळं लागतंच, नुसतं सलूनला जाता येत नाही. ऐन वेळी, शेवटच्या २४ तासांत रद्द केलं तर दंड घेतात, फार नाही. सगळे सकाळची पहिली वेळ पकडायला धावतात म्हणजे दिवसभर मिरवता येईल, पण भारतातून आलेल्या मुलांचं पहिले तीन-चार दिवस झोपेचं गणित बिघडलेलं असतं, दुपारी बाराच्या सुमाराला ती अक्षरशः पेंगतात, म्हणून पहिल्याच दिवशी ठेवू नका. दोन-चार दिवस जाऊ द्या आणि सकाळी दहाच्या आसपासची घ्या, एक-दोन राइड करून, पोटभर खाऊन मग. उपाशी पोराला तासभर खुर्चीत बसवणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आणि पाण्याच्या राइड त्या आधी उरका, नंतर ते केस भिजले की जेल ओघळतं.

आता सासूबाईंचा मुद्दा, कारण तो मला सगळ्यात खरा वाटतो. त्यांना म्हणावं आपण बोरन्हाणाला काय करतो? काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट, हार, बाजूबंद, तेही असंच नटवणं आहे आणि किती हौसेने करतो. पण बोरन्हाणाचे फोटो काढून बघा, अर्ध्या फोटोत मूल रडत असतं, दागिने टोचतात, गर्दी असते, आणि आपण "इकडे बघ, हस" म्हणून फोटो काढत असतो. तिथे हौस मोठ्यांची असते आणि एका वर्षाच्या बाळाच्या बाबतीत ते ठीकच आहे, त्याला कुठे विचारणार. पाच वर्षांच्या मुलीला मात्र विचारता येतं. मी त्या सलूनमध्ये बघितलेल्या मुली दोन प्रकारच्या असतात, एक ज्यांना स्वतःला यायचं होतं, त्या खुर्चीत ताठ बसतात आणि एकेक गोष्ट निवडतात, आणि दुसऱ्या ज्यांना आईच्या हौसेने आणलंय, त्या पाचव्या मिनिटाला मान हलवायला लागतात, डोळ्यात स्प्रे गेला म्हणून रडतात, आणि समोरून आई हसायच्या खुणा करत असते. तुमची लेक पहिल्या प्रकारातली वाटते कारण मागणी तिचीच आहे. तरी एकदा घरी घट्ट अंबाडा बांधून वर हेअरबँड लावून दोन तास ठेवून बघा. तो प्रिन्सेसचा अंबाडा खूप घट्ट ओढून बांधतात, आणि जी मुलगी घरी वेणी घालतानाच किंचाळते तिला तिथे चालणार नाही, मग कितीही प्रिन्सेस असो.

लिपस्टिक नको असेल तर नको म्हणता येतं, नुसतं "नो मेकअप" सांगितलं की ते केस आणि नखंच करतात, कोणी जबरदस्ती करत नाही. पण ते तिने सांगू दे. तुम्ही घरून एवढंच शिकवून न्या की नको असेल तर "नो, थँक यू" म्हणायचं आणि ते लोक ऐकतात. आणि तिला लावायचं असेल, तर एक दिवस लावलेल्या ग्लॉसने काही होत नाही हो, आपल्या शाळेच्या गॅदरिंगला यापेक्षा कितीतरी भडक मेकअप असतो आणि तो सगळ्यांना सरसकट लावतात. त्वचा नाजूक असेल, एक्झिमा वगैरे असेल तर मात्र चमकी आणि खडे नकोच, मेकअपही तुमचा घरचा असेल तो घेऊन जा.

प्रिन्सेस-प्रिन्सेस करून मुली बिघडतात का, यावर खरोखर अभ्यास झालाय. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीतल्या सारा कॉइन यांनी २०१६ मध्ये १९८ लहान मुलांवरचा अभ्यास छापला, त्यात प्रिन्सेसच्या नादात जास्त असलेली मुलं वर्षभराने मुलींचे खेळ-मुलींची कामं या चाकोरीत जास्त दिसली. त्यावरून तेव्हा बराच गाजावाजा झाला. पण त्याच टीमने पुढे मुलं दहा-अकरा वर्षांची झाल्यावर परत बघितलं, तो अभ्यास २०२१ मध्ये आला, तीनशेच्या वर मुलं होती, आणि त्यात उलटं दिसलं, लहानपणी प्रिन्सेसमध्ये रमलेली मुलं, मुलगे सुद्धा, मोठेपणी बायकांबद्दल जास्त मोकळ्या विचारांची निघाली. पहिली बातमी सगळ्यांना माहीत असते, दुसरी कोणी सांगत नाही. सासूबाईंना दोन्ही सांगा.

अजून एक, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं. तिला फ्रोझन सिनेमातली गोरी, सोनेरी केसांची एल्सा व्हायचं असेल तर होऊ दे. आपल्याकडचे काही लोक मुलीला समजावत बसतात की तू अलादीनमधली जास्मिन हो, तुझा रंग तसा आहे, तुझे केस काळे आहेत. अहो त्या पोरीने तिचा रंग आणि एल्साचा रंग अशी तुलना केलेलीच नसते, ती आपण तिच्या डोक्यात घालतो आणि तीही नेमकी त्या दिवशी. काळ्या केसांवर सोनेरी वेणी लावून मिरवणाऱ्या कितीतरी देशी मुली तिथे दिसतात आणि त्यांना काहीही विचित्र वाटत नाही. जास्मिन किंवा टियाना, म्हणजे डिस्नेची कृष्णवर्णीय प्रिन्सेस, तिने स्वतःहून निवडली तर उत्तमच.

मुलगा बरोबर असेल तर त्यांच्यासाठी नाइटचं, म्हणजे तलवारवाल्या सरदाराचं, पॅकेज असतं, केसाला जेल आणि तलवार-ढाल, ते खूप स्वस्त आहे. आणि मुलाला मुकुट हवा असेल किंवा मुलीला तलवार, तेही देतात.

नाहीच जमलं बजेटमध्ये तर वाईट वाटून घेऊ नका. हॉटेलवर तुम्हीच अंबाडा घाला, चमकीचा स्प्रे दहा-बारा डॉलरला मिळतो, ड्रेस घाला आणि तिला घेऊन सरळ प्रिन्सेस फेअरीटेल हॉलला जा. मॅजिक किंगडमच्या फँटसीलँड या भागातच आहे, २०१३ मध्ये सुरू झालाय, तिथे सिंड्रेला, रपुंझेल वगैरे भेटतात, मुलीशी व्यवस्थित थांबून बोलतात, सही देतात, आणि ते पार्कच्या तिकिटातच असतं. सलूनची जी गोष्ट मी वर महत्त्वाची म्हटली, कोणीतरी फक्त तिच्याशी बोलणं, ती तिथेही थोडी मिळते. फक्त रांग मोठी असते, सकाळी लवकर नाहीतर परेडच्या वेळेला गाठा.

शेवटी रात्रीचं काम. ते केस कोरडे असताना ओढू नका आणि थेट शाम्पूही लावू नका, जेल आणि स्प्रेचा गोळा होतो. आधी सगळ्या पिना मोजून काढा, मग भरपूर कंडिशनर नाहीतर चक्क खोबरेल तेल चोपडा, दहा मिनिटं थांबा, बोटांनी मोकळे करा आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर विंचरत या, त्यानंतर धुवा. चमकी दोन-तीन दिवस उशीवर सापडत राहते. जाण्याच्या आदल्या रात्री मात्र तेल लावू नका, धुतलेले कोरडे केस असू देत, नाहीतर काहीच टिकत नाही. तिचे केस खांद्यापर्यंत आहेत की बॉयकट आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, ते सांगितलंत तर कोणती स्टाइल नीट बसेल ते सांगते.