परदेशातून पाळीव साप आणायचा असेल तर आधी काय पाहावे?

साप विकत घेऊन मग परवान्यामागे धावणे हा क्रम उलटा आहे. आपल्या देशात ती जात आणण्यास व पाळण्यास मुभा आहे का, हे आधी संबंधित वन्यजीव विभागाकडून लेखी घ्यावे, कारण न्यूझीलंडसारख्या देशात सापांवर सरसकट बंदीच आहे. त्यानंतर येतो १९७५ पासून अमलात असलेला सायटीस हा वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार. बॉल पायथनसह बहुतेक अजगर आणि बोआ त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यामुळे निर्यातदार देशाचा परवाना लागतोच, आणि काही देश त्याखेरीज स्वतःचा आयात परवानाही मागतात. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, पण म्हणून पशुवैद्यकीय दाखला किंवा सीमाशुल्काची कागदपत्रे टळतात असे समजू नये.

परवान्यावरील उगमाचे अक्षर अवश्य वाचावे: ‘सी’ म्हणजे बंदिस्त अवस्थेत पैदास झालेला, ‘डब्ल्यू’ म्हणजे निसर्गातून पकडलेला. दुसऱ्या प्रकारचा साप बहुधा परोपजीवी घेऊनच येतो, आणि माझ्या मते तो घेऊच नये.

वाहतूक शक्यतो हवाई मालवाहतुकीनेच होते. सापाला हवा खेळेल अशा कापडी पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधतात आणि ती पिशवी थर्माकोलचे अस्तर असलेल्या, भोके पाडलेल्या पेटीत ठेवतात. निघण्यापूर्वी काही दिवस त्याला खायला देत नाहीत, कारण पोटात भक्ष्य असताना ताण आला की तो ते ओकून टाकतो. घरी आल्यावर त्याला इतर सापांपासून काही आठवडे वेगळे ठेवावे आणि खवल्यांखाली माइट (रक्त शोषणारे बारीक किडे) दिसतात का, हे रोज तपासावे.