दोन गाळ्यांमधली केबल: खांबावर नेटवर्क स्विच टाकू नका

नमस्कार. रबाळे एमआयडीसीत दोन गाळे, मधे दीडशेएक मीटर कॅट-सिक्स (तांब्याची नेटवर्क केबल), आणि दुपारी मशिनं चालू झाली की पलीकडचं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) लटकतं, हे तुमचं वाचलं आणि महाप्यातले आमचे दिवस आठवले. आयपी, फायरवॉल तुम्ही पाहिलंच असेल, त्यात शिरत नाही.

तांब्यावरच्या इथरनेटची हद्द 100 मीटर, त्यातही पक्की केबल 90 आणि उरलेले 10 पॅच कॉर्डचे, म्हणजे टोकांच्या छोट्या जोडवायरींचे. त्यापुढे लिंकचा दिवा कधीकधी लागतो, पण पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळत राहतात. आमच्या ठेकेदाराने खिशातला टेस्टर लावला, एक ते आठ दिवे ओळीने लुकलुकले, "ओके आहे साहेब" म्हणत बिल पुढे केलं. अहो, तो टेस्टर तारा सरळ जोडल्यात एवढंच सांगतो! त्यावरून गिगाबिट (सेकंदाला 1000 मेगाबिट) जाईल की नाही हे त्याला काय कळणार? तक्रार केली की आधी स्विच (नेटवर्कच्या केबली जोडायची पेटी) खराब, मग सर्व्हर, मग म्हणे तुमची वीजच वाईट. शेवटी एका टोकाची तार सोलून ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस मुलामा निघाला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. बिलावर मात्र 'प्युअर कॉपर'. परताव्याचे पैसे अजून येतायत.

तुम्हाला सुचवलंय तसा मधल्या खांबावर स्विच टाकला तर अंतराचा हिशेब जमेल. पण उघड्यावर वीज न्या, डबीत पाणी शिरू देऊ नका, हे दर पावसाळ्याला कोण करणार? शिवाय दोन्ही इमारतींचं अर्थिंग वेगळं. जवळपास वीज कोसळली की झटका तांब्यातून थेट पोर्टात. माझं मत विचाराल तर दोन इमारतींमधे तांबं नकोच, अंतर 40 मीटर असलं तरी. काहींना हे अति वाटेल, वाटू दे.

सिंगल मोड फायबर (लांब अंतराची, काचतंतूची केबल) ओढा, सहा कोअरचं म्हणजे सहा तंतूंचं, आर्मर्ड म्हणजे वर कवच असलेलं. एमआयडीसीतल्या घुशी साध्या केबलला दाद देत नाहीत. आर्मर धातूचं असतं, त्याच्या अर्थिंगचं जाणकाराला विचारा, मी इलेक्ट्रिशियन नाही. गिगाबिटचं एलएक्स मॉड्यूल (फायबर जोडायला स्विचमधे बसवायचा तुकडा) 10 किलोमीटर जातं, तुमचं अंतर त्याच्या खिजगणतीत नाही. एकाच कोअरवर चालणारी बायडी मॉड्यूल घेतलीत तर जोडीनेच घ्या: एक 1310 नॅनोमीटरच्या प्रकाशावर पाठवणारं, दुसरं 1550 वर. दोन्ही सारखी आणलीत तर लिंक येणारच नाही. आणि हिरव्या टोकाचा फायबर कनेक्टर निळ्यात खुपसू देऊ नका, बसतो पण सिग्नल खातो.

मधे रस्ता असेल तर खोदाईची परवानगी आत्ताच बघा, पावसाळ्यात ती मिळणं कठीण. तोवर आहे त्या केबलवर दोन्ही टोकं 100 एमबीपीएसवर ठेवून बघा, खात्री नाही, पण टॅलीपुरतं कधीकधी निभतं. स्विचमधले सीआरसी एररचे (बिघडून पोचलेल्या पॅकेटचे) आकडे आणि केबलच्या आवरणावरची छपाई इथे टाका, मग पुढचं सांगतो.