हजार लिहिलं, तरी प्रोसेसर तापतोय

प्रश्न : निपाणीजवळच्या तीन गावांत मिळून चारशे घरांना मी इंटरनेट देतो. मायक्रोटिकच्या राउटरवर ट्रॅफिक फ्लो (कोण काय किती वापरतो याच्या नोंदी सर्व्हरला पाठवणारी सोय) चालू केल्यापासून संध्याकाळी प्रोसेसर नव्वद टक्क्यांवर जातो. कोल्हापूरचा मित्र म्हणाला, ‘हजारात एक पॅकेट घे.’ म्हणून सॅम्पलिंग (सगळी पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, न मोजता काहीच नमुन्याला घेणं) चालू करून इंटरव्हल १००० आणि स्पेस १ टाकलं. फरक शून्य. चुकतंय कुठं?

उत्तर : मित्राचा सल्ला बरोबर, आकडे उलटे पडलेत. बऱ्याच राउटरांवर हजार लिहिलं की ‘हजारातलं एक’ असा अर्थ होतो. तुमच्याकडं इंटरव्हल म्हणजे लागोपाठ किती पॅकेटं घ्यायची आणि स्पेस म्हणजे त्यानंतर किती सोडायची. तुमचा राउटर हजार घेतोय आणि एक सोडतोय! इंटरव्हल १, स्पेस ९९९ करा. १०० आणि ९९,९०० लिहूनही प्रमाण तेच येतं, पण ओळीनं आलेल्या त्या शंभरांत एकाच व्हिडिओची पॅकेटं गर्दी करतात. कोगनोळी नाक्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना सलग शंभर वाहनं मोजा, हायवेवर ऊसच चालतो असं वाटेल.

मी तुमच्या जागी असतो तर आधी १ आणि ९९ लावून दोन संध्याकाळी बघितलं असतं. प्रोसेसर उतरला तर हजारावर जायचं कारणच नाही. हिशेब बघा. गर्दीच्या वेळी ४०० एमबीपीएस आणि पॅकेट सरासरी ८०० बाइटचं धरलं, तर सेकंदाला ६२,५०० पॅकेटं. हजारात एक घेतलं तरी पाच मिनिटांत १८,७५० नमुने. निम्मा भार व्हिडिओचा असेल तर त्याचे नऊ हजारांवर नमुने येतात. १९६ला नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागलं की अंदाज किती टक्के चुकू शकतो ते मिळतं (शंभरात पंच्याण्णव वेळा चूक त्याच्या आतच राहते). इथं ती दोन टक्के. झकास. पण एकूण भारातला एक टक्का वापरणाऱ्या घराचे नमुने १८७, म्हणजे चूक चौदा टक्क्यांपर्यंत. दहा पॅकेटांत आटपणारी छोटी जोडणी तर शंभरातल्या नव्याण्णव वेळा दिसतच नाही.

हे मी फजिती होऊन शिकलोय. टिळकवाडीतल्या दोन शेजाऱ्यांत नेट कोण जास्त ओढतो, याचा निवाडा मी ४० विरुद्ध ३१ नमुन्यांवर केला होता. मग प्रत्येक घराचा सगळा डेटा मोजणारा राउटरवरचा काउंटर उघडून बघतो तर बरोबर उलटं. ज्यांना बोल लावला त्या काकांच्या घरी पुढं दोन महिने मी बिल मागायला पोराला पाठवत होतो. तेव्हा ग्राहकाचा जीबीचा हिशेब पीपीपीओईच्या (ग्राहकाच्या लॉगिन जोडणीच्या) काउंटरवरूनच करा.

फ्लोच्या नोंदी जमा होऊन आलेख बनतो त्या सर्व्हरवर सॅम्पलिंगचं प्रमाण भरायला विसरू नका, नाहीतर आलेख हजारपट बुटका दिसेल आणि तुम्ही लाइन तुटली म्हणून खांबावर चढाल.

आणखी एक. परवान्याच्या अटीप्रमाणं इंटरनेटच्या नोंदी दोन वर्षं जपाव्या लागतात, त्यांच्या जागी हे नमुने चालत नाहीत. त्या नोंदी याच फ्लोमधून जात असतील, तर ज्यांच्याकडून लाइन घेता त्यांना विचारूनच सॅम्पलिंगला हात लावा.