व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट एका लॅबमध्ये १४, पाच दिवसांनी दुसरीत २१. लॅबवाले अंदाजाने आकडे टाकतात का?

'अंदाजाने' हा शब्द लागला, म्हणून लिहितोय. बेळगावात २६ वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून काढली आणि हाच शब्द माझ्या कोल्हापूरच्या साडूने भर बारशात माझ्या तोंडावर मारला होता.

आमच्या हिचे गुडघे दुखायचे म्हणून आमच्याच लॅबमध्ये डी तपासलं, १७ आलं. महिन्याभराने ती बहिणीकडे कोल्हापूरला गेली. तिथे साडूने हौसेने पुन्हा तपासून घेतलं, २६. बारशाच्या पंगतीत हे गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "राव, तुमच्या बेळगावात मशीन हाय का नुसतं अंदाजानं आकडा टाकता?" पंगत हसली. मी जिलेबी पानात तशीच टाकून उठलो.

त्याच आठवड्यात स्वतःचं रक्त काढून घेतलं. पिवळ्या टोपणाची नळी अर्धा तास गोठू दिली, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, वरचं सीरम तीन लहान नळ्यांत वाटलं. एक आमच्या मशीनला लावली. उरलेल्या दोन बर्फाच्या डब्यात घालून भाच्याबरोबर निपाणीमार्गे एसटीने कोल्हापूरला, साडूच्याच लाडक्या लॅबमध्ये. तिथल्या ओळखीच्या पोराने दोन वेगळ्या नावांनी लावून दिल्या (पैसे दोन्हींचे भरले, फुकट काही नाही). आमचा आकडा १९.६. तिकडचे २२.१ आणि २४.८. एकाच नळीतलं रक्त, एकच मशीन, एकच दिवस. नाव बदललं तर पावणेतीनचा फरक!

कारण डी साखरेसारखं सरळ मोजता येत नाही. रक्तात ते एका प्रथिनाला घट्ट चिकटून बसतं, आधी ते सोडवावं लागतं, मग अँटिबॉडीने पकडावं लागतं. सोडवायचं रसायन प्रत्येक कंपनीचं वेगळं, अँटिबॉडीही वेगळी. रिएजंटचा, म्हणजे तपासणीच्या रसायनाचा, लॉट बदलला तरी आकडा थोडा हलतो. रेणूचं वजन मोजून ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री जास्त भरवशाची, पण ते मशीन महाग. लंडनहून डेक्वास नावाची योजना १९८९पासून लॅबना एकसारखे नमुने पाठवून कोण किती चुकतं ते बघते, ते काय उगाच? आणि डीच्या प्रमाणीकरणासाठी नेहमीच्या लॅबना जी सूट ठरवलीय तीच १० टक्क्यांपर्यंतच्या चढउताराची आहे. हे १० टक्के म्हणजे नेहमीचा चढउतार, कधी आकडा त्याच्या दुप्पटही हलतो. म्हणजे खरं २० असलेल्या माणसाला चांगल्या लॅबमध्येही १६ ते २४मधला कुठलाही आकडा येऊ शकतो. सकाळी कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) लावल्याशिवाय मी कधी एक नमुना चढवला नाही, तरी येऊ शकतो. याला अंदाज म्हणत नाहीत.

रेषा ओढली की रेषेजवळच्यांचं काय होतं, हे सीमाभागातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. २०च्या खाली कमतरता, ३०च्या वर पुरेसं. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने, २०११ साली आखलेली ही रेषा २०२४ साली त्यांनीच सोडून दिली आणि धडधाकट माणसाने उगाच डी तपासत बसू नये, असंही सांगितलं. आपल्या रिपोर्टांवर मात्र ती अजून छापून येते आणि २९वाला रात्रभर झोपत नाही.

तुमचं म्हणाल तर १४ आणि २१ दोन्ही कमीच्याच बाजूचे. कोणता खरा, हे ठरवायला तिसरीकडे जाऊ नका, तिसरा आकडा मिळेल. डॉक्टरांनी औषध दिलं तर तीन महिन्यांनी याच दोघांपैकी एकीत, त्याच पद्धतीने पुन्हा करा; पद्धत रिपोर्टवर बारीक अक्षरात असते. एकक बघा. नॅनोमोलमध्ये असेल तर अडीचने भागायचं, तिथले ५० म्हणजे आपले नॅनोग्रॅममधले २०. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, काही मशीनवर त्यामुळे डी खोटंच जास्त दिसतं. आणि डीच्या पावडरची पाकिटं मनाने चालू ठेवू नका, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं.

पाकिटांवरून एक राहिलं. १७ आणि २६ यांच्या मधल्या महिन्यात हिने ६०,००० युनिटची चार पाकिटं दुधातून घेतली होती. मला हे बारशानंतर चार महिन्यांनी कळलं. "डॉक्टरांनी दिल्ती, घेतले की मी," एवढंच उत्तर. म्हणजे तेव्हा डी खरंच वाढलं असणार आणि दोन्ही लॅब आपापल्या जागी बरोबर असणार.

साडूला हे अजून सांगितलेलं नाही. ते वाचत असतील तर एवढंच: तुमच्या लॅबचे २२.१ आणि २४.८चे दोन्ही कागद माझ्या कपाटात आहेत, कधीही येऊन बघा.