पुलाचा गाळा किती लांब असावा?

प्रश्न : मुंबई-गोवा महामार्गावरील जुन्या पुलांचे खांब जवळजवळ असतात, नव्या पुलांचे बरेच दूर. पुरात वाहून आलेली झाडे खांबांना अडकतात, हे आम्ही पाहतो. मग गाळे, म्हणजे दोन खांबांमधील भाग, आणखी लांब ठेवून नदीपात्रातील खांब टाळता का येत नाहीत? आणि गाळ्याची लांबी नेमकी कोठून कोठपर्यंत मोजतात?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मोजणीचे आधी सांगतो. पाणी जाण्यास किती वाट आहे हे पाहायचे असेल, तर दोन खांबांच्या समोरासमोरील कडांमधील मोकळे अंतर धरतात. तुळईचे गणित करताना मात्र एका बेअरिंगच्या (खांबाच्या माथ्यावरील तुळईच्या टेकूच्या) मध्यापासून दुसऱ्या बेअरिंगच्या मध्यापर्यंतची लांबी घेतात, कारण तुळई टेकते ती तेथे.

खांब टाळता येतात, पण त्याची किंमत गाळ्याच्या लांबीपेक्षा फार वेगाने वाढते. दोन टोकांना नुसत्या टेकलेल्या तुळईवर सर्वत्र सारखा भार असेल आणि गाळा दुप्पट केला, तर तिला वाकवणारा जोर चौपट होतो आणि तुळईचा छेद (आडव्या कापाचा आकार) तोच ठेवल्यास तिची लवण, म्हणजे भाराखाली ती जितकी खाली झुकते ते अंतर, सोळापट होते. म्हणून तुळई खोल, म्हणजे वरपासून खालपर्यंत अधिक जाड, करावी लागते, ती जड होते, आणि एका मर्यादेनंतर तिची बरीचशी ताकद वाहनांऐवजी स्वतःचेच वजन पेलण्यात खर्ची पडते. तेथून पुढे कमान किंवा केबलचा आधार घ्यावा लागतो. जुन्या दगडी पुलांची अडचण आणखी वेगळी होती : दगड दाब उत्तम सोसतो, ताण सोसत नाही, त्यामुळे लहान कमानींची रांग हाच सोयीचा मार्ग होता.

गाळा ठरवण्याचा एक जुना ठोकताळा आहे. एका गाळ्याच्या मुख्य तुळयांचा खर्च आणि पायासह एका खांबाचा खर्च साधारण सारखे झाले, की पूल सर्वांत स्वस्त पडतो. याचा अर्थ असा, की गाळ्याची लांबी बरीचशी जमिनीखाली ठरते. पात्रात कातळ वरच लागत असेल तर खांब स्वस्त आणि गाळे लहान; पाया खोल न्यावा लागत असेल तर खांब महाग आणि गाळे लांब.

पुराबाबतची आपली शंका रास्त आहे, कारण खांबाभोवती पाणी भोवरे घेते आणि पायालगतची माती खरवडते. मात्र लांब गाळ्याची तुळई खोल असते, तिचा तळ महत्तम पूरपातळीच्या वर ठेवायचा म्हणजे रस्ता उंच होतो, आणि त्यासाठी दोन्ही काठांवर घातलेला भराव पुराचे पाणी अडवतो. खांब काढून भराव घालण्यात काही शहाणपण नाही. पूरक्षेत्रातही मोऱ्या (भरावाखालून पाणी जाण्याच्या वाटा) किंवा जोडगाळे (पुलाला जोडून ठेवलेले जादा गाळे) ठेवावे लागतात, हे अनेकदा विसरले जाते.

हा ठोकताळा सर्वत्र पुरत नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूवर समुद्रातील काही ठिकाणी पोलादी डेकचे (रस्ता पेलणाऱ्या पृष्ठभागाचे) गाळे आहेत आणि त्यांतील सर्वांत लांब १८० मीटरचा आहे. तेथे खालून जाणाऱ्या जहाजांचा विचार निर्णायक ठरला.

रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल पूल मला याहून बोलका वाटतो. सुमारे ६४ मीटर उंचीवरच्या या पुलाचे मधले गाळे ४० मीटरचे, तर टोकाचे दोन ३० मीटरचे आहेत. तुळई सलग असल्याने टोकाच्या गाळ्याला एकाच बाजूने शेजारच्या गाळ्याचा आधार मिळतो. तो आखूड ठेवला, की जोर सगळीकडे जवळपास सारखा वाटला जातो. दरीतून पराती (बांधकामासाठीचा तात्पुरता सांगाडा) उभारणे परवडणारे नव्हते, म्हणून तुळईचे भाग काठावर ओतून जॅकने खांबांवरून पुढे ढकलले गेले. ढकलताना तिचा जवळपास प्रत्येक भाग कधी खांबावर, तर कधी दोन खांबांच्या मध्ये येतो. म्हणजे कधी तिची वरची, तर कधी खालची बाजू ताणली जाते. तिला दोन्ही सोसावे लागते, त्यामुळे अशा ठिकाणी गाळा ठरवताना पुलाच्या पुढील आयुष्याबरोबरच बांधकामाच्या त्या काही महिन्यांचेही गणित करावे लागते.