पॉलीहाऊसचं नंतर बघू, आधी ती ‘एफडी’ बाहेर काढा

प्रश्न: वय 38, जुन्नर तालुक्यात पाच एकर बागायत. दोन एकर टोमॅटो, दोन एकर कांदा, बाकी चारा. 2022 ला टोमॅटोत सव्वा लाख सुटले, 2023 च्या जुलैत खर्च जाऊन 18 लाख झाले, 2024 ला तीन लाख आणि यंदा पन्नास हजार अंगावर आले. त्या 18 लाखांतून पिकअप घेतली, घराचं राहिलेलं काम केलं. बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून वर्षाला तीन लाखांची एफडी सुरू केली. दहा वर्षं भरायची, विसाव्या वर्षी दुप्पट. दोन हप्ते भरलेत, तिसरा पीककर्जातून भरतोय, कारण ते बिनव्याजी मिळतं. खात्यावर चार लाख आहेत. आता 20 गुंठ्यांत पॉलीहाऊस करून रंगीत ढोबळी घ्यायची आहे. खर्च 25 लाख, निम्मं अनुदान, वर्षाला सहा लाख नफा असं डीलर म्हणतो. घरखर्च दुधावर भागतो. घरात पत्नी, दोन मुलं, आई-वडील. कर्ज काढावं का?

उत्तर: आत्ता काढू नका. कारणं पुढे देतो. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महागडी ओळ पॉलीहाऊसची नाही.

दहा वर्षं दरवर्षी तीन लाख भरायला लावणारी एफडी कुठल्याच बँकेत नसते. साहेबांनी दिलेलं पाकीट उघडा. आत विमा कंपनीच्या नावाचा बॉन्ड असेल आणि त्यावर ‘वार्षिक हप्ता’ लिहिलेलं असेल. तुम्ही विमा घेतलाय. साहेबांना त्यातून काय मिळालं हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार.

‘दुप्पट’चा हिशेब करू. दहा वर्षांत 30 लाख भरायचे, विसाव्या वर्षी 60 मिळणार. सरासरी तुमचा एकेक रुपया साडेपंधरा वर्षं अडकतो आणि तेवढ्यात दुप्पट होतो, म्हणजे साधारण साडेचार टक्के. पीपीएफला, म्हणजे सरकारच्या दीर्घ मुदतीच्या बचत खात्याला, आज 7.1 टक्के आहे. तुम्ही आणि पत्नी दोघांनी दीड-दीड लाख तिथे दहा वर्षं भरले आणि खाती चालू ठेवली, तर विसाव्या वर्षी 88 लाखांच्या आसपास होतात. शिवाय एखाद्या वर्षी पावसाने फटका दिला तर पाचशे रुपये भरून खातं जिवंत राहतं. पॉलिसीत तशी सवड नाही.

आणि मुख्य घोळ तोच आहे. 2023 सोडलं तर टोमॅटोने तुम्हाला सरासरी वर्षाला सव्वा लाख दिलेत. हप्ता तीन लाखांचा. तुम्ही एका जुलैच्या भरवशावर दहा वर्षांचा शब्द दिलात.

तो जुलै कसा होता ते नारायणगावच्या बाजारात तुम्ही पाहिलंच आहे. क्रेट दोन हजारांच्या वर गेलं, एनसीसीएफ या केंद्राच्या ग्राहक सहकारी संस्थेने दिल्लीत 90 रुपये किलोने टोमॅटो विकायला काढला, ऑगस्टात नेपाळहून आयात झाली. सप्टेंबर येईतो त्याच टोमॅटोला तोडणीची मजुरीही सुटेना आणि लोकांनी माल रस्त्यावर ओतला. भाव चढला की सगळे लावतात आणि सगळ्यांचा माल एकदम येतो. कर्नाटकातल्या कोलारचा, आंध्रातल्या मदनपल्लीचा माल त्याच बाजारांत असतो. डीलर तुम्हाला म्हणाला असेल की देशात फळं-भाजीपाला धान्याच्या पुढे गेलाय. खरं आहे. 2012-13 पासून फलोत्पादनाचा आकडा अन्नधान्याच्या वर आहे आणि आता तो 36 कोटी टनांच्या पुढे गेलाय. पण ते टन आहेत, तुमच्या खात्यातले रुपये नव्हेत. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी 2024 मध्ये मांडलेल्या हिशेबात, गिऱ्हाइकाने टोमॅटोला दिलेल्या रुपयातले 33 पैसे शेतकऱ्याला मिळतात.

आता तिसरा हप्ता. पीककर्ज बिनव्याजी आहे ते तीन लाखांपर्यंत आणि मुदतीत फेडलं तरच. व्याजातले तीन टक्के केंद्र सोडतं, उरलेलं डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य भरतं. मुदत चुकली की दोन्ही सवलती गेल्या. आणि हे पैसे हप्त्यात गेल्यावर रोपं, मल्चिंग, बांबू, तार, औषधं कशातून आणणार? कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर. तिथे रोखीच्या भावात आणि उधारीच्या भावात महिन्याला दोन टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणजे साडेचार टक्के कमवायला तुम्ही चोवीस टक्क्यांनी पैसे उचलताय.

तिसरा हप्ता भरू नका. विमा कंपनीला, बँकेला नव्हे, लेखी विचारा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, आणि पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली, तर विसाव्या वर्षी किती? दोन हप्त्यांनंतर सरेंडरला भरलेल्या रकमेच्या 30 टक्के धरा, म्हणजे सहा लाखांचे 1 लाख 80 हजार. पोटात गोळा येईल, पण पुढचा हिशेब बघा. हे 1.8 लाख आणि पुढचे आठ हप्ते पीपीएफसारख्या ठिकाणी गेले, तरी विसाव्या वर्षी 72 लाखांच्या आसपास होतात. पॉलिसीचे 60. पेड-अपचा आकडा सात लाखांच्या वर आला तर सरेंडर करू नका, तशीच पडू द्या. खाली आला तर मोडा. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, तेवढ्यात उत्तर मागवा.

‘एफडी’ म्हणून विकल्याची तक्रारही करा. साहेबांचा एखादा मेसेज, आकडे लिहिलेला कागद असेल तर जपून ठेवा. आधी कंपनीकडे, दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. वकील लागत नाही, फी नाही. दोन वर्षं गेल्यामुळे काम अवघड झालंय, तरी कागद पाठवा.

घरात सहा माणसं आणि सगळं तुमच्या अंगावर, म्हणून विमा हवाच, पण तो साधा टर्म विमा, माणूस गेला तरच पैसे देणारा. एक कोटीचा वर्षाला वीसेक हजारांत बसावा. अडचण एक येईल: कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून तुम्ही रिटर्न भरत नसाल. या वर्षीपासून भरा, शेती उत्पन्न करमुक्त रकान्यात दाखवून. दुधाचे पैसे मात्र शेती उत्पन्नात धरता येत नाहीत, ते वेगळे लिहावे लागतात.

पॉलीहाऊसचं थोडक्यात. अनुदान डीलरच्या कोटेशनवर मिळत नाही, सरकारच्या मापदंडावर मिळतं, आणि काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर. साडेबारा नव्हे, नऊ-दहा लाख धरा आणि तोवर व्याज तुमचं. ते आल्यावरही 15 लाख कर्ज उरलं, तर 11 टक्क्यांनी सात वर्षं वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास फेड आहे. 20 गुंठ्यांत 16 ते 20 टन ढोबळी निघते. 50 रुपये भाव टिकला तर 20 टनांचे दहा लाख, खर्च साडेचार-पाच, उरले पाच. भाव 30 वर आला तर सहा लाखांतून दीड उरतो आणि फेड तीच राहते. तीन-चार वर्षांनी वरची प्लॅस्टिकची फिल्म बदलायची, तो खर्च वेगळा. आणि 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने तुमच्याच तालुक्यात किती पॉलीहाऊस आडवी केली ते शेजाऱ्यांना विचारा.

कांद्यावर हप्ता काढू असा विचार असेल तर तोही सोडा. ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात बंदी, मे 2024 ला ती उठली पण शुल्क राहिलं, एप्रिल 2025 ला शुल्कही गेलं. बँकेचं वेळापत्रक दिल्लीच्या अधिसूचना बघून पुढेमागे होत नाही.

खात्यावरचे चार लाख मार्जिन मनी, म्हणजे कर्जातला स्वतःचा वाटा, म्हणून देऊ नका. दोन एकर टोमॅटोला एकरी दीड-दोन लाख लागतात, तेच हे पैसे. मोडता येईल अशा साध्या एफडीत टाका, खऱ्या. ढोबळीची हौस असेल तर 10 गुंठ्यांचं शेडनेट (सावलीच्या जाळीचं) स्वतःच्या पैशाने, तेही एक हंगाम नफ्यात गेल्यावर.

कंपनीकडून दोन्ही आकडे आले की कळवा. सोबत डीलरचं कोटेशन पाठवा. फिल्म बदलण्याचा खर्च त्याने कुठल्या ओळीत लिहिलाय, ते मला बघायचंय.